हॅमस्टर, पांढरा उंदीर आणि काळा आजार

काळ्या आजारापासून उंदराला वाचवतील अशा लशी प्रयोगशाळांमध्ये बऱ्याच तयार झाल्या. माणसासाठी मात्र मान्यता मिळालेली एकही नाही. ही तफावत कशी पडली हे समजून घ्यायचे तर या अभ्यासात कोणता प्राणी, कधी आणि कशासाठी आला याचा माग काढावा लागतो.

आजाराचे मूळ लिश्मानिया नावाच्या एकपेशीय परजीवीत आहे. वाळूमाशी चावते तेव्हा तो अंगात शिरतो. त्याला गिळायला मॅक्रोफेज या भक्षक पेशी धावून येतात आणि हा पठ्ठ्या त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. काही जाती त्वचेवर व्रण करून थांबतात, काही प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेपर्यंत पोचतात. हा दुसरा प्रकार म्हणजे काळा आजार. उपचार न मिळाल्यास तो बहुधा जीव घेतो. कोलकात्याजवळच्या डमडम छावणीत राहून आलेल्या एका मृत सैनिकाच्या प्लीहेत दिसलेल्या या परजीवीचे वर्णन विल्यम लिश्मन यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले, त्याच वर्षी चार्ल्स डोनोव्हान यांना तो मद्रासमध्ये सापडला, आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे जोडून त्याला लिश्मानिया डोनोव्हानी म्हटले.

निदान त्वचेच्या व्रणाविरुद्ध प्रतिकारशक्ती येऊ शकते, हे त्याच्याही कितीतरी आधीपासून लोकांना ठाऊक होते. पश्चिम आणि मध्य आशियात व्रणातला स्राव लहान मुलांच्या झाकल्या जाणाऱ्या अंगावर मुद्दाम टोचत. तिथे एक व्रण उठे, काही महिन्यांनी भरून येई, आणि पुढे चेहरा वाचे. म्हणजे शरीर हा परजीवी ओळखायला शिकते, हे उघड होते. कसे शिकते, हा प्रश्न होता. तो माणसावर सोडवता येईना, म्हणून प्राणी हवा होता.

१९२४ मध्ये पेकिंगमधल्या संशोधकांनी चिनी हॅमस्टरला काळा आजार देऊन दाखवला. जेरुसलेममधले परजीवीतज्ज्ञ सॉल अ‍ॅडलर यांनाही तोच प्राणी हवा होता, पण तो पिंजऱ्यात वीत नसे आणि दर वेळी चीनहून मागवणे परवडणारे नव्हते. मग जवळपासच एखादा भाऊबंद मिळतो का याचा शोध सुरू झाला. प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहरोनी १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ गेले, स्थानिकांच्या मदतीने शेत खणले, आणि खोल बिळात सोनेरी हॅमस्टरची एक मादी अकरा पिल्लांसह हाती लागली. पेटीत ठेवताच आई स्वतःचे पिल्लू खाऊ लागली, म्हणून तिला मारावे लागले. उरलेल्यांतली काही पळाली, काही दगावली. शेवटी भावाबहिणींच्या जोडीतून वंश टिकला, आणि असा वाढला की वर्षभरात पिंजरे भरून गेले. आज जगभर घराघरांत चाकावर पळणारी बहुतेक सगळी सोनेरी हॅमस्टर त्या एकाच वेतातली आहेत. पाळणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की हा प्राणी काळ्या आजाराच्या कामासाठी बिळातून बाहेर काढला होता?

हॅमस्टरने काम चोख केले. त्याला लागण झाली की प्लीहा फुगते, अंग झडते, रक्त कमी होते आणि तो मरतो, अगदी उपचार न मिळालेल्या माणसासारखा. अडचण वेगळीच होती. तो मरतो एवढे दिसे, का मरतो ते पाहायला साधने नव्हती. प्रतिकारशक्तीतल्या पेशी आणि रेणू मोजण्याची हत्यारे घडत गेली ती उंदरासाठी.

उंदराकडे आणखी एक गोष्ट होती: शुद्ध वाण. वीस किंवा अधिक पिढ्या सख्ख्या भावंडांचाच संकर केला की एका वाणाचे सगळे उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. १९७० च्या दशकात डेव्हिड ब्रॅडली यांनी अशा वाणांना काळ्या आजाराच्या परजीवीची लागण केली. काहींत परजीवी झपाट्याने वाढले, काहींत नाही, आणि हा फरक एकाच जनुकामुळे होता. तेच जनुक साल्मोनेला आणि क्षयाच्या लशीतल्या बीसीजी जंतूंवरही अंकुश ठेवते, हे नंतर कळले. १९९३ मध्ये ते हाती लागले. मॅक्रोफेजच्या ज्या कप्प्यात जंतू अडकतो तिथून लोह आणि मँगेनीज बाहेर काढणारे प्रथिन त्यातून बनते.

खरी गंमत त्वचेच्या व्रणाच्या परजीवीने, लिश्मानिया मेजरने आणली. ब्लॅक-सिक्स या काळ्या वाणाच्या पायाच्या तळव्यात तो टोचला की गाठ येते आणि काही आठवड्यांत बरी होते. पांढऱ्या बाल्ब-सी वाणात ती चिघळत जाते आणि उंदीर मरतो. आता कुणीही म्हणेल, पांढऱ्याची प्रतिकारशक्ती दुबळी. पण १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हॉवर्ड, हेल आणि लिव यांनी पांढऱ्या उंदरांना लागणीआधी किरणोत्सर्गाचा मारा दिला, म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी खच्ची केली, आणि ते उंदीर बरे झाले! १९८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या गटाने टी पेशी, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांतल्या काही प्रतिपिंडांनी कमी करून तेच घडवले. शरीराचे सैन्य कमी पडत नव्हते, चुकीच्या बाजूने लढत होते.

त्याचा उलगडा भलतीकडून झाला. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या मदतनीस टी पेशींचे, त्यांच्या स्रावांवरून, दोन प्रकार मांडले. १९८९ मध्ये हाइन्झेल, लॉक्सली आणि सहकाऱ्यांनी ते या दोन उंदरांना लावून पाहिले. बऱ्या होणाऱ्या उंदरात पहिल्या प्रकारच्या पेशींचा संदेशवाहक रेणू, इंटरफेरॉन-गॅमा, वरचढ होता. तो मॅक्रोफेजला चेतवतो, आणि चेतलेला मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइडने परजीवी मारतो. मरणाऱ्या उंदरात दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा रेणू, इंटरल्युकिन-४, होता. १९९३ मध्ये लागणीच्या सुरुवातीलाच पेशींना पहिल्या प्रकाराकडे वळवणारे इंटरल्युकिन-१२ देऊन पांढरे उंदीर वाचवलेही गेले. एक काळा, एक पांढरा, दोन पेशी, दोन रेणू. प्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना याहून देखणे चित्र मिळाले नसते.

इतके देखणे चित्र असले की जरा संशय यायला हवा. तो उशिरा आला. काळ्या आजाराच्या रुग्णांत इंटरफेरॉन-गॅमा नसतो असे नाही, तो असूनही माणूस आजारी पडतो. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोट वळले ते इंटरल्युकिन-१० कडे, प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या रेणूकडे. हॅमस्टरची गतही अशीच निघाली: २००१ मधल्या कामात त्याच्यात योग्य ते संदेश भरपूर सापडले, पण नायट्रिक ऑक्साइड पुरेसे तयारच होत नव्हते. उंदराला मात्र काळा आजार धड होतच नाही. यकृतातले परजीवी तो काही आठवड्यांत आवरतो, प्लीहेत थोडे राहतात, आणि तो जगतो.

बरा झालेला ब्लॅक-सिक्ससुद्धा पुरता बरा नसतो. २००२ मध्ये बेलकैद, सॅक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जुन्या व्रणाच्या जागी मूठभर परजीवी उरतात, प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी त्यांना सांभाळून घेतात, आणि ते पार संपले तर दुसऱ्या लागणीपासूनचे संरक्षणही ओसरते. मारलेल्या परजीवींच्या लशी इराण आणि सुदानमधल्या चाचण्यांत का तोकड्या पडल्या, याचे निदान एक कारण इथे दिसते.

दुसरे कारण माझ्या मते अधिक बोचरे आहे. वर्षानुवर्षे उंदरांना सुईने, एका दमात दहा लाखांच्या घरात परजीवी टोचले जात होते. वाळूमाशीच्या बहुतेक चाव्यांत ते काहीशेच असतात, पण सोबत तिची लाळ असते, आणि ही लाळ लागण वाढवते हे १९८८ पासून माहीत होते. तरीही सुई सोयीची होती. २००९ मध्ये मारलेल्या परजीवींची एक लस दोन्ही कसोट्यांवर लावली गेली. सुईपुढे ती टिकली, माशीपुढे हरली.

२०२० मध्ये क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने लिश्मानिया मेजरमधले सेंट्रिन हे जनुक काढून टाकलेला परजीवी तयार झाला. तो उंदरात व्रण न करता संरक्षण देतो. कल्पना जुनीच, झाकल्या अंगावर टोचण्याची, फक्त व्रण वजा करून. काळ्या आजाराविरुद्ध त्याची परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा संशोधक पुन्हा सोनेरी हॅमस्टरकडे गेले, आणि या वेळी सुईवर न थांबता त्याच्यावर लागण झालेल्या वाळूमाश्या सोडल्या.