तळ्यात चौखंबा कधी दिसतो?

उत्तराखंडातल्या सारी गावापासून देवरिया ताल जेमतेम तीन किलोमीटर. वाट चढाची, पण सह्याद्रीत घाम गाळलेल्या माणसाला दीड-दोन तासांत उरकणारी. उंची २,४३८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दीडपट. वर पोचल्यावर समोर येतं ते एक लहानसं तळं. भोवती झाडी, पलीकडे उत्तरेला हिमशिखरांची रांग, तिच्यातलंच एक शिखर चौखंबा. धबधबा नाही, हिमनदी नाही. तरी पाठीवरची सॅक उतरवून माणसं तासन्‌तास काठावर बसतात आणि हळू आवाजात बोलायला लागतात.

यक्षाने पांडवांना प्रश्न विचारले ते याच पाण्याकाठी, असं तिथे सांगतात. मला पडलेला प्रश्न त्या मानाने अगदीच बाळबोध. पहाटे पाण्यात अख्खा उतरलेला चौखंबा न्याहारी होईपर्यंत जातो कुठे?

आधी वाऱ्याचं बघू. लाट वाढायला वाऱ्याला पाण्यावरून लांबवर धावावं लागतं. समुद्रावर त्याला शेकडो किलोमीटर मोकळे मिळतात; इथे धाव घेतोय तोवर पलीकडचा काठ येतो. तळं लहान म्हणून शांत, हे इतकं सरळ आहे. त्यात पहाटेची वेळ. रात्रभर उघड्या आकाशाखाली उतार गार पडतात, त्यांना लागून असलेली हवाही गार आणि जड होते आणि खोलगट जागेत साचून राहते. वरून वारा गेला तरी तो या जड थरावरून घसरतो. ऊन चढलं की उतार तापतात, हवा दरीतून वर सरकू लागते आणि पाण्यावर शहारा येतो.

त्या शहाऱ्याने एवढं काय बिघडतं? बरंच. चौखंबा ७,१३८ मीटर उंच असला तरी इथून सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. त्यामुळे त्याचं टोक क्षितिजापासून फक्त नऊ-एक अंश वर दिसतं. हात लांब करून मूठ धरली तर साधारण तिच्याएवढं. आता पाण्याचा पृष्ठभाग एका अंशाने कलला, तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. म्हणजे चार-पाच अंशांचा कल आला की पाण्यातलं टोक पार पायथ्याला जाऊन भिडेल! सात हजार मीटरचा डोंगर मोडायला बोटभर लाट पुरते.

पाणी काचेसारखं असलं तरी सगळीकडून सारखा आरसा होत नाही. पायाशी सरळ खाली बघा, तळाचे दगड दिसतात. कारण तशा कोनात पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं, उरलेला आत शिरतो. नजर जसजशी तिरपी होते तसा हा वाटा वाढतो. चौखंब्याच्या नऊ अंशांना तो पस्तीस-चाळीस टक्क्यांवर जातो. म्हणून पाण्यातलं शिखर खऱ्यापेक्षा नेहमी थोडं मंद असतं. ते उठून दिसतं ते सूर्योदयाच्या मेहरबानीने: उंचीमुळे बर्फावर ऊन आधी पडतं, तळं मात्र अजून सावलीत असतं. आतला गाळ, शेवाळ काही उजळलेलं नसतं, त्यामुळे मागचा पडदा काळाभोर मिळतो.

फोटो काढणाऱ्यांना एक फुकटचा सल्ला: खाली बसा. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे जणू तुमचा डोळा पाण्याखाली तेवढाच खोल असता तर दिसलं असतं ते दृश्य. त्यामुळे तुम्ही जितके उंच उभे, तितकी पाण्यातली झाडं डोंगराला जास्त झाकतात. उंच दगडावर चढून फोटो घेणाऱ्यांची दर वेळी फसगत होते, आणि दर वेळी कोणीतरी चढतंच.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती एका साध्या हिशेबाची. डोळा पाण्यापासून दीड मीटरवर असेल, तर शिखराचं टोक ज्या जागी परावर्तित होतं ती जागा तुमच्यापासून नऊ-दहा मीटरवर आहे. फक्त! टोक जवळच्या पाण्यात, पायथा दूरच्या. तळ्याचा मधला भाग चौखंब्याच्या कामी फारसा येतच नाही. उकिडवं बसून डोळा अर्ध्या मीटरवर आणलात तर टोक तीन-साडेतीन मीटरवर येतं, म्हणजे पावसाने साचलेल्या लांबट डबक्यातही ते मावेल, मधे झाडं नसली तर.

आता नऊच्या सुमारास काय होतं ते बघा. वारा पाठीमागून आला, तर तुमच्या काठालगतच्या पाण्यावर त्याला धावायला जागाच मिळालेली नसते. तरंग उठतात ते पुढे गेल्यावर. आधी पलीकडची झाडी विस्कटते, मग डोंगराचा पायथा जातो, मग खांदे. पायाशी पाणी अजून स्तब्ध असतं आणि त्यात नुसतं पांढरं टोक उरतं, खाली काहीच नसलेलं. तोवर मागून कोणीतरी चहा झाल्याची हाक मारतं.