जुन्या मोटरहोमला जास्त ताकदीचं इंजिन बसवताय? आधी कागद, मग पाना

खंबाटकीत दुसऱ्या गिअरवर रडत चाललेली गाडी आणि मागून हॉर्न मारणारे ट्रक, हे ज्याने सोसलंय त्याला इंजिन बदलायची हौस का येते ते सांगायला नको. जुनी टाटा ४०७, म्हणजे तो छोटा ट्रक, घ्यायची, आत बेड, ओटा, पाण्याची टाकी, वर कॅरिअर, आणि मग पसरणी घाटात कळतं की वजन वाढलंय पण इंजिन तेच आहे. हौसेला माझी हरकत नाही. पण सातारा काय, कराड काय, सांगली काय, लोक आधी गॅरेजला जातात आणि इंजिन बसल्यावर आरटीओत येतात, हातात आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि तोंडात "काहीतरी करा की ओ". तोवर करण्यासारखं फार उरलेलं नसतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं, तेव्हापासून ऑफिसं जास्तच कडक झालीत. म्हणजे त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन बदलून टाकायला आधी परवानगी घेऊन वाट आहे, पण दुसऱ्याच कंपनीचं दांडगं इंजिन ४०७ मध्ये कोंबायचं असेल तर खिडकीवर नकारच ऐकायची तयारी ठेवा. इंजिन उघडून बोअर-पिस्टनचं काम केलं आणि ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा, नंबर त्यावरच असतो) तोच राहिला, तर इंजिन नंबर बदलत नाही, हा सगळा प्रश्नच येत नाही. खरं सांगू, निम्म्या लोकांचं काम तेवढ्यानेच भागतं.

इथं एक गोची आहे. टाटाचं ४९७ इंजिन घ्या, ४ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, त्यावरूनच ते नाव, सीसी २९५६. ते साधंही आलं आणि टर्बो-इंटरकूलरवालंही, म्हणजे जास्त हवा ढकलून जास्त ताकद काढणारंही आलं. लोक म्हणतात सीसी सेम, मग कुणाला काय कळतंय. आरसीवर सीसीबरोबर हॉर्सपॉवर पण असते हो! इन्स्पेक्टरने बॉनेट उघडलं आणि टर्बो दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला: ह्या मॉडेलला कंपनीने हे इंजिन दिलं होतं का? दिलं असेल तर तुमच्या चेसिस नंबरसकट तसं लेखी पत्र डीलरमार्फत कंपनीकडून मागा. ते मिळायला वेळ लागतो, डीलर टोलवाटोलवी करतो, तरी ते हातात आल्याशिवाय इंजिनवर पैसे घालू नका.

आता १४ दिवसांची भानगड, ही सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. गाडीत बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असं कायद्यात लिहिलंय, म्हणून लोक समजतात की आधी बसवा आणि मग सांगा. तसं नाय. परवानगीशिवाय इंजिन बदलायची सूट निदान १० ट्रान्सपोर्ट गाड्या असलेल्या मालकांसाठी, तीही राज्य सरकारने अधिकृत केलं असेल तर, आणि तीही सेम मेक सेम टाइप इंजिनपुरती. १४ दिवस म्हणजे आरसीवर नोंद करून घ्यायची मुदत, मनाला येईल ते करायचा परवाना नव्हे. बेकायदा बदल सापडला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

आणि तो कागद जो कुणाकडेच नसतो: इंजिन आलं कुठून याचा. एक जण आले होते, बिल दाखवलं, त्यावर पेनाने "जुने पार्ट १ नग", खाली रक्कम आणि वाचता न येणारी सही, बस्स. इंजिन नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. भंगारातलं इंजिन ज्या गाडीचं होतं तिची आरसी रद्द झाल्याचा कागद हवा, कारण गाडी मोडीत काढली की मालकाने ते आरटीओला कळवायचं असतं आणि बहुतेक जण कळवत नाहीत, त्यामुळे तुमचं इंजिन आरटीओच्या ऑनलाइन पोर्टलवर अजून दुसऱ्याच्या जिवंत गाडीत बसलेलं दिसतं. मग चोरीचा संशय आला की पुढे तुम्ही आणि पोलीस स्टेशन. म्हणून घेण्याआधी इंजिन नंबरचा फोटो काढा, पक्क्या बिलावर तोच नंबर छापून घ्या, आणि दुकानदार "कागद नंतर देतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. गॅरेजवाला म्हणेल की नव्या ब्लॉकवर जुना नंबर पंच करून देतो, तर तिथून गाडी काढून चालते व्हा. ग्राइंडर फिरवलेली जागा बोटानेसुद्धा कळते.

मोटरहोमवाल्यांचा आणखी एक जुना घोळ. आरसीवर मिनीबस, १३ सीट, आणि आत बेड आणि गॅसची शेगडी. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येते, पण तुमची तशी नोंद झालेली असेल तरच. नाहीतर इंजिनसाठी गाडी उभी केली आणि साहेबांनी मागचा दरवाजा उघडला की दोन बदल सापडले. बॉडीच्या नोंदीचा प्रश्न आधी मिटवा.

बाकी सगळं नेहमीचं: पोर्टलवर अल्टरेशनचा (गाडीतल्या बदलाचा) अर्ज, फी, विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरवर कागद ठेवून घासलेला पेन्सिल प्रिंट. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती, ते मात्र अर्जाच्या आधी आणा. आरसीवर पत्ता पुण्याचा आणि राहता वाईत, तर पत्ता आधी बदला, फॉर्म ३३, नाहीतर अर्ज ह्या ऑफिसकडून त्या ऑफिसकडे फिरत राहतो. १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आधी, फॉर्म २५.

परवानगी आली, इंजिन बसलं, पासिंगला निघालात, तर आदल्या दिवशी इंजिन नंबरच्या जागेवरचं ग्रीस आणि मळी डिझेलच्या फडक्याने पुसून ठेवा. नंबर दिसला नाही म्हणून परत पाठवलेली गाडी मी डोळ्यांनी बघितलीय, कागद सगळे बरोबर होते, फक्त ब्लॉकवर बोटभर मळी. आरसीवर नवा नंबर चढला की विमा कंपनीलाही लगेच कळवा आणि पॉलिसीवर तोच नंबर करून घ्या.