लंडन ते ॲमस्टरडॅम: हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ

लंडनच्या हीथ्रोहून ॲमस्टरडॅमच्या स्खिपोलला विमानाने किती वेळ लागतो? एक वेबसाइट सांगते पाऊण तास, विमान कंपनी सांगते एक तास वीस मिनिटं, आणि तिकीट बघावं तर निघायचं ९ वाजता, पोहोचायचं ११:२० ला. तिन्ही बरोबर असू शकतं.

तिकिटाचं कोडं सोपं आहे. त्यावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि ॲमस्टरडॅम लंडनच्या एक तास पुढे. हे अंतर बाराही महिने तेवढंच राहतं, कारण उन्हाळी-हिवाळी बदल दोन्हीकडे एकाच क्षणी होतो. म्हणून जाताना दोन तास वीस मिनिटांचा दिसणारा प्रवास परतताना वीस मिनिटांचा दिसतो!

खरा घोळ पाऊण तास आणि एक तास वीस मिनिटं यांच्यात आहे.

पाऊण तास हा हवेतला वेळ: चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंत. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ३७० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने हे अंतर अर्ध्या तासाच्या आत संपायला हवं. पण एवढ्याशा प्रवासात विमान वर जाऊन जेमतेम स्थिरावतं, तोच उतरायला लागतं. पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो.

कंपनीच्या वेळापत्रकातला वेळ मोजला जातो तो विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. जादा मिनिटं जातात मुख्यतः जमिनीवर, आणि त्यात स्खिपोलची पोल्डरबान धावपट्टी नामांकित आहे. आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून २००३ मध्ये ती टर्मिनलपासून इतकी दूर बांधली, की विमानाला महामार्गावरचा पूल ओलांडून टर्मिनलकडे यावं लागतं. त्यात पंधरा मिनिटं सहज जातात. खिडकीतून खाली मोटारी दिसतात तेव्हा नवख्या प्रवाशाला आपण रस्त्यानेच निघालो की काय असं वाटतं. परतीला हीथ्रोची गर्दी असते. धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उतरण्यापूर्वी घिरट्या घालाव्या लागतात आणि हवेतला वेळही वाढतो. कंपन्या हे सगळं गृहीत धरून वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. ‘आपण दहा मिनिटं लवकर पोहोचलो’ या घोषणेचं श्रेय बऱ्याचदा त्या सैल जागेला असतं.

किलोमीटरचंही असंच आहे. चॅनल बोगद्यातून मोटारीने गेलं तर लंडन-ॲमस्टरडॅम साडेपाचशेच्या आसपास भरतं, कारण फ्रान्समधल्या कॅलेचा वळसा पडतो. युरोपीय संघाचा भरपाईचा नियम मात्र सरळ हवाई अंतर धरतो, मग विमान कुठूनही वळून येवो. ॲमस्टरडॅमहून निघणारी ही फेरी १५०० किलोमीटरच्या आतली, म्हणून तीन तास किंवा जास्त उशीर झाल्यास २५० युरो. उशीर कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या असाधारण कारणाने झाला असेल तर नाही.

आणि उशीर कुठवर मोजायचा? चाकं टेकेपर्यंतही नाही आणि गेटवर थांबेपर्यंतही नाही. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की विमानाचं निदान एक दार प्रवाशांना उतरण्यासाठी उघडलं, तीच पोहोचण्याची वेळ. चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५० मिनिटं आणि दार उघडलं तेव्हा ३ तास ५ मिनिटं झाला असेल, तर दावा करता येतो.