स्पोर्ट्स कारच्या टायरमधील हवेचा दाब (नागपूर)

स्पोर्ट्स कारच्या टायरसाठी कंपनीने दिलेला हवेचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास सावलीत उभी असली, किंवा फार तर दोन किलोमीटर संथ चालली असली, तरच टायर थंड धरतात. नागपुरात मात्र ‘थंड’ टायरचे तापमानही ऋतूप्रमाणे खूप बदलते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जानेवारीत पहाटे तो १२ अंश किंवा त्याहून खाली येतो. तापमानातल्या दर १० अंश फरकामागे टायरमधील दाब साधारण १.६ पीएसआयने (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) बदलतो. मे महिन्यात पहाटे ३० अंशांना भरलेले ३६ पीएसआय जानेवारीत १२ अंशांना ३३ वर येतात. दरमहा झिरपणारी पीएसआयभर हवा त्यात धरलेली नाही.

पुढचा व मागचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तिच्या मागच्या टायरना जास्त हवा लागते. चारही चाकांत सारखी हवा मारून घेतली तर गाडीचा तोल बिघडतो. टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, भरायचा नव्हे. काही गाड्यांत अतिवेगासाठी वेगळा, वाढीव आकडा असतो. समृद्धी महामार्गावरही वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर असल्याने त्याची इथे गरज नाही. दोन माणसे आणि सामान असेल तर पूर्ण भाराचा आकडा मात्र पाळावा. मॅन्युअलमध्ये आकडा २० अंशांसाठी दिला असल्यास ३० अंशांना ३६ ऐवजी ३७.५ भरणे बरोबर ठरते.

तपासणी सूर्योदयापूर्वी घरीच करावी. पंपावरच्या गेजचा भरवसा नसतो, ०.५ पीएसआयपर्यंत वाचणारा स्वतःचा डिजिटल गेज आणि छोटा कॉम्प्रेसर पुरतो. गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबावा. ‘फुस्स’ आवाज आला तर तो तिरका बसला आहे, वाचन पुन्हा घ्यावे. एक-दोन पीएसआय जास्त भरून मग व्हॉल्व्हमधली पिन दाबत नेमक्या आकड्यावर आणणे सोपे जाते. शेवटी टोपी लावावी, पण प्लॅस्टिकची. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियम व्हॉल्व्हवर पितळी टोपी गंजून घट्ट बसते आणि ती काढताना व्हॉल्व्ह तुटतो.

नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) सर्रास ऐकू येणारा ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा’ हा सल्ला उलटा आहे. ३० अंशांना ३६ भरलेला टायर भर दुपारी हायवेवर ६५ अंशांपर्यंत तापला की ४२ दाखवतो. ही वाढ कंपनीने आधीच हिशेबात धरलेली असते. घाबरून हवा सोडून ३६ केली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे जेमतेम ३१ उरतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, अधिक तापतो आणि साइडवॉलचे थर सुटू लागतात. फुटतो तोच, पुरेशी हवा असलेला नव्हे. एका बाजूवर ऊन असलेल्या गाडीतही त्या बाजूची चाके दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. म्हणून डावी-उजवी बाजू सारखी करण्याच्या नादात हवा सोडू नये.

नायट्रोजनने फारसा फरक पडत नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो आणि तापल्यावर जवळपास तेवढाच पसरतो. फायदा आहे तो कोरडेपणाचा. रेसिंग सर्किटवर गरम टायरची हवा सोडून ठरावीक आकड्यावर आणतात, ती पद्धत तिथपुरतीच. परतीच्या प्रवासाआधी टायर थंड होऊ देऊन मूळ आकडा भरावा लागतो.

हवा जास्त झाली की टायर मधोमध झिजतो आणि ब्रेकला पकड कमी मिळते. कमी झाली की दोन्ही कडा झिजतात. शहरातल्या सिमेंट रस्त्यांच्या उंच कडा आणि स्पीडब्रेकर ३० प्रोफाइलच्या (साइडवॉलची उंची रुंदीच्या ३० टक्केच असलेल्या) टायरला कमी हवेत फार महाग पडतात: रिम वाकते किंवा साइडवॉलवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो बदलताना त्याच एक्सलवरचा दुसरा टायरही बराच झिजलेला असेल, तर जोडीच बदलावी.