लाट ओसरते, बेट राहतं

मार्चमध्ये मुंबईत अंगाची लाही लाही व्हायला लागली की आपण सरसकट म्हणतो, 'उष्णतेची लाट आली'. दुपारी ते खरं असेलही. पण रात्री साडेअकराला खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावला आणि ती अजून कढत लागली, तर प्रकरण वेगळं आहे. ते उष्णतेचं बेट, म्हणजे भोवतालच्या परिसरापेक्षा गरम राहणारा शहराचा भाग.

लाट बाहेरून येते. पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात, खारे वारे दुपारपर्यंत अडून राहतात आणि पारा चढतो. किनाऱ्यासाठी हवामान खात्याचा निकष ठरलेला आहे: कमाल तापमान निदान ३७ अंश, आणि तेही सरासरीपेक्षा ४.५ अंश तरी जास्त. खारे वारे वेळेवर वाहू लागले की लाट ओसरते.

बेट मात्र आपणच बांधलेलं. ते पौषातही असतं. ओली माती आणि झाडं उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च करतात, म्हणून भोवतालची हवा निवते. तिथे डांबर-काँक्रीट आलं की तीच उष्णता दिवसभर मुरते आणि सूर्य बुडाल्यावर सावकाश बाहेर पडते. उंच इमारतींमधल्या गल्लीतून आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, त्यामुळे ही धग वर निसटत नाही. शिवाय प्रत्येक एसी घरातली उष्णता त्याच गल्लीत ओतत असतो. म्हणून बेट खरं जाणवतं ते रात्री.

आज वांद्रे-कुर्ला संकुल आहे तिथे मिठी नदीकाठची पाणथळ जमीन होती, हे उदाहरण सोपं आहे. गिरणगावचं तसं नाही. तिथे झाडी कमीच, गिरण्यांचे पत्रे होते. पत्रा दुपारी भाजून काढतो, पण पातळ असल्यामुळे अंधार पडताच निवतो. त्याजागी आलेलं जाड काँक्रीट पहाटेपर्यंत ऊब धरून ठेवतं. म्हणजे हिरवं गेलं एवढंच बघून भागत नाही. त्याजागी काय आलं, तेही बघायला हवं.

लाट आणि बेट यांतला फरक अंगावर अनुभवायचा असेल तर एप्रिलमध्ये रात्री दुचाकीवरून गोरेगावहून आरेच्या जंगलातल्या रस्त्याने मरोळकडे जा. हायवेवर पाठीला चिकटलेला शर्ट झाडीत शिरल्यावर थोड्याच वेळात गार लागतो. तारीख तीच, लाटेचा इशाराही तोच. बदलली ती फक्त जमीन.

लाटेचा इशारा मिळतो. मग कामाच्या वेळा बदलता येतात, पाणी-सरबताची सोय करता येते. बेटावर हे उपाय पुरत नाहीत; तिथे आरे आणि खारफुटी राखावी लागते, अंगणातली फरसबंदी उखडून माती मोकळी करावी लागते. आणि लाट बेटावर आली की मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दिवसभर उन्हात राबणाऱ्यांची. रात्री गारवा मिळाला तर शरीर सावरतं, आणि बेट नेमका तोच हिरावून घेतं. म्हणून लाटेच्या बातमीत कमाल आकड्याइतकाच किमान आकडाही नीट वाचा.