४९ जूलचा हिशेब: टर्कीसाठी साध्या धनुष्याला कुठलं ब्रॉडहेड?

अमेरिकेत वसंत ऋतूत टर्की या कोंबडीसारख्या पण खूप मोठ्या पक्ष्याच्या शिकारीचा सीझन असतो. त्यात एक वेगळीच जमात दिसते, बंदूक सोडाच, चाकं आणि केबल असलेलं कंपाऊंड धनुष्यही ती हातात घेत नाही, साधा लाँगबो (लांब, साधं धनुष्य) नाहीतर रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊन झुडपाआड बसते. या मंडळींचा सगळ्यात जास्त वाद कशावर होत असेल तर बाणाच्या पुढे लावायच्या पात्यावर, म्हणजे ब्रॉडहेडवर. दोन पात्यांचं की तीन, रुंद की अरुंद, फिक्स की आपटल्यावर उघडणारं. मी स्वतः शिकारी नाही, पण आकडे मांडून बघितले तेव्हा पटलं की लोक उगाच कीस पाडत नाहीयेत.

५० पाउंडाचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं रिकर्व्ह धरा. त्यातून ५०० ग्रेनचा, म्हणजे ३२ ग्रॅमच्या आसपासचा बाण सेकंदाला साधारण ५५ मीटर वेगाने सुटतो, त्याची गतिज ऊर्जा होते ४९ जूल. ७० पाउंडाच्या कंपाऊंडमधून ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला ८८ मीटरने गेला तर १०० जूल, म्हणजे सरळ दुप्पट. आता ४९ जूल म्हणजे किती, तर ताशी ९० किलोमीटरने आलेला क्रिकेटचा लेदर बॉल. मांडीवर बसला तर आठवडाभर काळंनिळं, बस्स. मग तेवढ्याच ऊर्जेत बाण ८-१० किलोचा नर टर्की पाडतो कसा? धक्क्याने नाहीच पाडत, कापून पाडतो. रक्त गेलं की मेंदूचा पुरवठा तुटतो आणि पक्षी कोसळतो. म्हणजे ते ४९ जूल कापण्यात कसे खर्च करायचे हाच सगळा प्रश्न. एक दिलासा आहे, ऊर्जा निम्मी असली तरी संवेगात फरक एवढा नाही, रिकर्व्हचा १.८ आणि कंपाऊंडचा २.३, त्यामुळे जड आणि संथ बाण आत शिरायला वाटतो तेवढा लेचापेचा नसतो.

टर्कीचं शरीर मात्र फसवं. अंगावर पाच-सहा हजार पिसं, त्यात नर शेपूट पसरून फुगला की जो गोल फुगा दिसतो त्यातला बराचसा भाग नुसती पिसं आणि हवा असते, हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम मुठीएवढी जागा. आणि ती आपल्याला वाटते तिथे नसते. समोर दिसते ती भरगच्च छाती म्हणजे उडायचे स्नायू आणि खाली छातीचं हाड, तिथे बाण बसला तर जखमी पक्षी निघून जातो आणि कुठेतरी तडफडत मरतो, जे कुठल्याच शहाण्या शिकाऱ्याला नको असतं. पक्ष्यांची फुप्फुसं वरच्या बाजूला पाठीच्या कण्याला आणि बरगड्यांना चिकटलेली असतात, म्हणून पक्षी आडवा उभा असेल तर जाणकार पंख खांद्याला जुळतो तिथे नेम धरतात, आणि पाठमोरा असेल तर कण्यावर. चुकून जरा मागे जाऊन मांडीचं हाड मोडलं तरी टर्कीला उडी मारून झेप घेता येत नाही.

हरणाच्या शिकारीत बाण आरपार जाऊन रक्ताचा माग सापडतो. टर्कीत पिसं ते रक्त टिपून घेतात, जमिनीवर थेंब फारसे पडतच नाहीत. त्यामुळे पक्षी डोळ्यांसमोरच पडायला हवा, आणि शरीर पातळ असल्यामुळे हरणाएवढं खोल शिरायची गरज नसते. इथे रुंद पातं परवडतं. बाण आरपार जावा की अंगात अडकून राहावा यावर दोन तट आहेत. अडकला की पंख नीट हलत नाहीत म्हणून काहीजण पात्यामागे मुद्दाम अडकण लावतात. मला आरपारवाल्यांचं जास्त पटतं, कारण दोन भोकं म्हणजे दोन वाटा, आणि अडकण लावली की असलेल्या ऊर्जेतली थोडी तिथेच संपते.

धारेबद्दल मात्र वाद नको. पक्ष्यांच्या रक्तात फॅक्टर १२ नावाचा घटक नसतो, आपल्यात असतो. काचेच्या नळीत घेतलेलं आपलं रक्त लगेच गोठायला लागतं ते त्याच्यामुळे, उलट कोंबडीचं रक्त ऊतींचा रस न मिसळता स्वच्छ काढलं तर ते बराच वेळ पातळ राहतं. म्हणजे पक्ष्यात गोठणं बहुतेक चिरडलेल्या ऊतींमधून सुटणाऱ्या पदार्थावर चालतं. बोथट पातं ऊती चिरडतं, फाडतं, आणि गोठायला मदतच करतं, वस्तऱ्यासारखं पातं कमी चिरडतं. कानशीने धार काढून वर दगडावर पॉलिश करायची आणि ताणलेल्या रबरबँडवर पातं हलकेच टेकवून बघायचं, दाब न देता तुटलं तर ठीक. दुकानातून पाकिटात आलेलं पातं तसंच्या तसं लावू नये असं माझं ठाम मत.

आता आकार. दीड इंच रुंद दोन पात्यांचं हेड ३८ मिलिमीटर काप देतं. सव्वा इंचाचं तीन पात्यांचं हेड दिसायला बारीक, पण प्रत्येक पातं मध्यापासून जवळजवळ १६ मिलिमीटर, तिन्ही मिळून ४८, आणि भोक चिरेसारखं मिटत नाही. घर्षण वाढतं खरं, पण टर्कीच्या बाबतीत ते सोसता येतं. ४५ पाउंडाच्या खालचं धनुष्य असेल तर मी दोन पात्यांचंच म्हणेन. फ्रेड बेअर या अमेरिकन धनुर्धारी शिकाऱ्याच्या कंपनीने १९५६ मध्ये काढलेल्या रेझरहेडमध्ये मधला मार्ग होता, मुख्य दोन पाती आणि मधून सरकवायचं ब्लेडसारखं आडवं पातं. उघडणारी मेकॅनिकल हेड कंपाऊंडवाल्यांना लखलाभ, आधीच तुटपुंज्या ऊर्जेतून बिजागऱ्या उघडायचा खर्च कोण करणार.

मानेवर मारायची चार इंच रुंद गिलोटिन हेडही मिळतात, लागला तर टर्की जागीच पडतो, नाही लागला तर सहसा पूर्ण हुकतो, म्हणून ती बऱ्याच जणांना आकर्षक वाटतात. अडचण अशी की एवढी मोठी पाती पुढे असली की हवा बाणाला टोकाकडून ढकलते, मागची पिसं ते सावरायला झगडतात. शिवाय पूर्ण ओढल्यावर पाती धनुष्य धरलेल्या हातापाशी येतात, म्हणून बाण लांब ठेवावा लागतो, लांब बाण जास्त वाकतो, धनुष्याला वळसा घालून जाताना नीट सरळ होत नाही, आणि पुढचं वजन वाढलं की अजूनच वाकतो. साध्या धनुष्याला हे गणित जमवणं म्हणजे नुसता मनस्ताप.

पिसांवरून आठवलं, या बाणांच्या मागे लावतात ती पिसं बहुतेक टर्कीच्याच पंखातली असतात, पाळलेल्या पांढऱ्या टर्कीची, रंगवलेली. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली लागतात, कारण डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांचा बाक उलटा असतो. एकाच बाजूने धार काढलेलं सिंगल बेव्हल हेड लावलं तर त्याची बाजूही पिसांशी जुळली पाहिजे, नाहीतर हवेत बाण एकीकडे फिरतो आणि शरीरात शिरल्यावर पातं त्याला उलटं फिरवायला बघतं.

किमान रुंदीचे नियम राज्यागणिक वेगळे, कुठे पाऊण इंच, कुठे सात अष्टमांश. धनुष्यावर आणि ब्रॉडहेडवर तिथे ११ टक्के अबकारी कर बसतो आणि तो वन्यजीव संवर्धनाला जातो, त्याचा कायदा १९७२ चा. गंमत म्हणजे आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर आपल्याकडे शिकारीचा विषयच संपला.

शेवटचं काम प्रॅक्टिसचं. सरावाच्या गोल टोकाच्या बाणाचा आणि ब्रॉडहेडवाल्या बाणाचा रस्ता एक असेलच असं नाही, त्यामुळे वजन सारखं ठेवूनही खरं ब्रॉडहेड लावून १५-२० यार्डांवरून फोमच्या टार्गेटवर मारून बघावं लागतं. त्या फोममध्ये धार मरते, तेव्हा ते हेड परत कानशीवर घ्यायचं, किंवा सरावासाठी तसलंच एक वेगळं ठेवायचं.