चौकात आलात की फोन करा

पत्ता सांगायची आपली एक खास पद्धत आहे. "मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पुढं पिंपळ लागेल, चौकात आलात की फोन करा." या पत्त्यात निम्मी माहिती नसतेच. ती भरून निघते येणाऱ्याच्या अकलेतून, वाटेतल्या टपरीवाल्याकडून आणि शेवटच्या त्या फोनमधून. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, काम करणारे इंजिनिअर एकमेकांसाठी ज्या सूचना लिहून ठेवतात, त्याही बऱ्याचशा अशाच असतात. नवी वेबसाइट चढवायची तर आधी काय करायचं, मग काय, अडलं तर कोणाला गाठायचं. या वहीला रनबुक म्हणतात. आता ही रनबुकं माणसाऐवजी एआय एजंटच्या हाती जाऊ लागली आहेत आणि त्यांतल्या मोकळ्या जागा महागात पडू लागल्या आहेत.

एजंट म्हणजे नुसता गप्पा मारणारा चॅटबॉट नव्हे. त्याला कमांड चालवायची मुभा असते. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर उभा कर म्हटलं की तो कमांड लिहितो, चालवतो, आलेला एरर वाचतो आणि पुन्हा खटपट करतो. आपल्या कंपनीची रीत त्याला कळावी म्हणून साध्या भाषेतली एक फाइल त्याच्यापुढे ठेवलेली असते. ही फाइल चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं? वाचून ठरवू म्हटलं तर वाचायला सगळ्याच छान वाटतात.

समजा, फाइलीत लिहिलंय: "डेटाबेस उभा करा, ॲपला जोडा, जोडणी चालते याची खात्री करा." एजंट डेटाबेस उभा करतो, ॲप जोडायला जातो आणि टाइमआउट येतो, म्हणजे वाट पाहूनही उत्तर मिळत नाही. कारण साधं आहे: डेटाबेसचं ५४३२ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, फायरवॉल नावाच्या राखणदाराने बंद ठेवलंय. एजंट फायरवॉलच्या नियमात ०.०.०.०/० लिहून टाकतो, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्याही पत्त्यावरून आलेल्याला आत घ्या. जोडणी होते. "काम यशस्वी" असा नीटनेटका अहवाल येतो. सूचनेतला शब्द न् शब्द पाळला गेलाय, आणि डेटाबेसला बाहेरचा पत्ता असेल तर अख्ख्या जगाला दार सताड उघडं आहे.

म्हणून फाइलीची परीक्षा एजंटकडून प्रत्यक्ष काम करवूनच घ्यायची, आणि तिचा पहिला नियम असा की एजंटच्या अहवालाला गुण द्यायचे नाहीत. काम झालं की क्लाउडलाच विचारायचं: कोणती पोर्टं उघडी आहेत, कोणासाठी, कोणाला कसले अधिकार दिलेत, कोणती यंत्रं चालू राहिलीत आणि त्यांचं मीटर अजून पळतंय का.

दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. टेराफॉर्म हे २०१४ साली आलेलं साधन क्लाउडवाल्यांच्या रोजच्या वापरातलं. काय काय हवं ते फाइलीत लिहायचं. "प्लॅन" म्हटलं की ते काय बदलणार हे दाखवतं आणि "अप्लाय" म्हटलं की करून मोकळं होतं. सूचना आहे: "सर्व डेटाबेस एन्क्रिप्ट केलेले असावेत. प्लॅन तपासून अप्लाय करा." (एन्क्रिप्ट म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं कुलूपबंद.) यात वावगं काय? तर ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेत, एन्क्रिप्शनशिवाय चालू असलेला डेटाबेस जागच्या जागी एन्क्रिप्ट करता येत नाही. त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, घ्यायचा, त्या स्नॅपशॉटची एन्क्रिप्ट केलेली प्रत करायची आणि तिच्यावरून नवा डेटाबेस उभा करायचा, असा तो द्राविडी प्राणायाम आहे. तो न करता फाइलीतली एक ओळ तेवढी बदलली, तर प्लॅनच्या शेवटी हिशोब येतो: १ जोडणार, ० बदलणार, १ नष्ट करणार. म्हणजे जुना भरलेला डेटाबेस पाडून नवा रिकामा बांधणार.

तो "१ नष्ट" वाचून अनुभवी माणसाच्या काळजात धस्स होतं. एजंटला मात्र प्लॅनमध्ये एरर दिसत नाही. तपासलं, ठीक आहे, अप्लाय. डेटाबेसवर डिलीटपासूनचं संरक्षण लावलेलं नसेल तर खेळ खलास. "तपासा" म्हणजे नेमकं काय बघा, हे कुणी लिहिलंच नव्हतं. लिहायला हवं होतं ते इतकंच: नष्ट करण्याचा आकडा शून्य नसेल तर थांबा आणि माणसाला विचारा.

असे खड्डे टेबलावर बसून दिसत नाहीत. त्यासाठी क्लाउडवर एक रिकामं खातं घ्यायचं, तेच काम एकदा फाइल देऊन आणि एकदा फाइल न देता करवून घ्यायचं. पुष्कळदा मॉडेलला, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयला, ते आधीच येत असतं आणि आपल्या फाइलीने काडीचा फरक पडत नाही! मग तेच काम पुन्हा पुन्हा. दहातल्या नऊ वेळा जमतं म्हणजे उत्तम वाटतं, पण त्या हिशोबाने लागोपाठ आठ वेळा बिनचूक जमण्याची शक्यता भरते जेमतेम ४३ टक्के. मग मुद्दाम खोड्या काढायच्या. स्टोरेजच्या बकेटला, म्हणजे फाइली ठेवायच्या डब्याला, असं नाव द्यायला सांगायचं की जे दुसऱ्या कुणी आधीच घेतलंय. काम अर्ध्यात तोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचं, आणि सगळं दोनदोनदा उभं राहतं का ते बघायचं.

आणखी एक चाचणी, जी सगळ्यांनाच कंटाळवाणी वाटते: फाइलीतली एकेक ओळ काढून बघणं. प्रत्येक फजितीनंतर कुणीतरी एक ओळ वाढवतं, आणि सहा महिन्यांत फाइलीचा सोसायटीचा नोटीस बोर्ड होतो. पाण्याची वेळ, पार्किंग, गणपतीची वर्गणी, सगळं एकावर एक डकवलेलं. लांबलचक आणि परस्परविरोधी सूचनांत मॉडेलकडूनही कामाची ओळ निसटते. एखादी ओळ काढूनही निकाल तोच राहत असेल, तर ती खुशाल काढावी.

काही ओळी मात्र कितीही नीट लिहिल्या तरी चुकीच्या जागी असतात. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही फाइली साठवायची सेवा अमेरिकेच्या व्हर्जिनियात चारेक तास कोलमडली. इंजिनिअर ठरलेल्या रनबुकप्रमाणेच चालला होता. कमांडमध्ये दिलेली एक माहिती चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघून गेले. (सेवा बंद आहे हे सांगणारा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे तोही बदलता येईना.) त्यानंतर ॲमेझॉनने कमांडचं साधनच बदललं: सर्व्हर हळूहळू काढायचे आणि किमान गरजेच्या खाली जाऊच द्यायचं नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग-सेवा देणाऱ्या कंपनीच्या एआय एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला, तोही कशाला हात लावू नकोस अशी स्पष्ट ताकीद असताना. कंपनीने मग चाचणीचा आणि खरा डेटाबेस वेगळे केले. "डेटाबेस डिलीट करू नये" या ओळीचा वचक "येथे कचरा टाकू नये" या पाटीइतकाच. डिलीट करायचा अधिकारच एजंटच्या खात्याला द्यायचा नाही, म्हणजे ती ओळ लागतच नाही.

राहता राहिला तो चौकातला फोन. थांबून विचारायला शिकवलेला एजंट कधी कधी पावलोपावली विचारत सुटतो: हे नाव ठेवू का, हा टॅग लावू का. म्हणून परीक्षेत दोन आकडे वेगवेगळे मांडावे लागतात: हवं तिथे किती वेळा थांबला आणि नको तिथे किती वेळा. दुसरा आकडा फुगला की इंजिनिअर कंटाळतो आणि न वाचताच "हो" दाबायला लागतो. दुपारी साडेतीनला, चहाचा कप हातात असताना, त्या विसाव्या-एकविसाव्या "हो"खाली एन्क्रिप्शनच्या प्लॅनमधला तो "१ नष्ट"ही निघून जातो.